तुतीची मुळं

सकाळी सात वाजता टाकीकाकांच्या घरी रोजचाच वाद रंगला होता. कामाचे बूट पुन्हा उंबऱ्याच्या आत आले होते.

"बूट बाहेर, शर्ट बाहेर, साबण वेगळा," भांडी विसळता विसळता बायको म्हणाली. "एक दिवस तुम्हालाच बाहेर ठेवीन."

"ठेव. निदान झोप तरी पुरी होईल."

तेवढ्यात दार वाजलं. डोंगरावरच्या घरातल्या बाई दारात उभ्या होत्या. त्या शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान, म्हणजे सर, गेल्यापासून एकट्याच राहत आणि मागच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देत. सगळा उतार पायी उतरल्यामुळे त्यांना धाप लागली होती.

"काका, मोरीतून पाणी उलटं वर येतंय हो. त्यात पाहुणे आलेत. आणि तुमचा फोन का लागत नाही?"

काकांनी एक प्रश्नही विचारला नाही. पाणी का उलटतंय ते त्यांना एकोणीस वर्षांपासून ठाऊक होतं.

डोंगरावरच्या सगळ्या घरांच्या आणि भाड्याच्या केबिनींच्या शौचालयाच्या टाक्या काकाच उपसत. कुणाचं झाकण कुठे पुरलंय ते स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापासून पावलं मोजून सांगत. लोक त्यांच्याशी अंगणातूनच बोलत आणि त्यांना अंगणातूनच वाटेला लावत. सरांनी मात्र पहिल्याच दिवशी त्यांना आत नेऊन खुर्चीवर बसवलं आणि घरच्याच कपात चहा दिला. चहा अर्धाच झाला होता, तोवर सर तुतीचं रोप घेऊन आले.

"मागच्या बाजूला लावू का हे? तिथलं गवत बघा कसं हिरवंगार आहे!"

हिरवंगार असणारच. त्याखाली टाकीचं पाणी जमिनीत मुरवणारे पाइप होते. तुतीची मुळं पाणी हुडकत तिथे शिरणार, हे या कामात पहिल्या वर्षीच कळतं. पण हातात कप होता. एवढा मान देणाऱ्या माणसाला नाही म्हणायला जीभ रेटेना.

"लावा की सर," काका म्हणाले.

पुढे दरवर्षी टाकी उपसायला गेले की ते गुपचूप मुळं छाटत आणि पिशवीत भरून घेऊन येत. सरांनी विचारलं तर म्हणत, "थोडा गाळ होता." दोन वर्षांपूर्वी सर गेले. दुपारभर बाई त्या झाडाखाली बसतात, असं कानावर आलं. मग काकांचं पाऊल तिकडे वळेचना.

आज त्यांनी खणलं. पाइपातून मुळांचा गुंता बाहेर आला, न विंचरलेल्या केसांसारखा. बाई शेजारी उभ्या होत्या.

"हे साफ केलं की झालं ना?"

"चार महिने चालेल, बाई. मग पुन्हा हेच. पाइप दुसरीकडे न्यावे तर सगळा खडक. झाड काढावं लागेल."

बाईंनी खोडावर हात ठेवला. "लावताना तुम्हीच तर होतात इथे."

"होतो."

"तुम्हाला कळत नव्हतं?"

काकांनी हातमोजे काढले. "कळत होतं. सरांनी खुर्चीवर बसवलं होतं. नाही म्हणवलं नाही."

बाईंनी मुळांच्या गुंत्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही नाही म्हणाला असतात, तर ते चार पावलं पलीकडे लावून मोकळे झाले असते. चहाचा कप काही हिसकावून घेतला नसता त्यांनी."

हे काकांना एकोणीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. चार पावलं! सगळ्या डोंगराची पावलं त्यांना तोंडपाठ होती.

बाईंनी पदराने डोळे पुसले. "तोडा. पण मी घरात असताना नको. आता हात धुवा आणि आत या, चहा टाकते."

काका जागचे हलले नाहीत.

"बाई, तोडायच्या आधी याची एक फांदी मला द्या. रुजवून आणतो. कुठे लावायची, ते या वेळी मला सांगू द्या."