बेसनाने धुतलेली बोटं

त्यांनी बोट माझ्या नाकपुडीत घातलं. अक्षरशः आत. नख लागून रक्त आलं.

“नीट हुंग. येतोय का वास?”

“नाही येत, साहेब,” मी म्हणालो. आणि आधी त्यांचं बोट पुसलं, मग माझं नाक.

बडोद्याबाहेर तलावाकाठी एक मासळीचं हॉटेल आहे. तिथे मी अकरा वर्षं वेटर होतो. साहेब दर बुधवारी दुपारी यायचे. पाण्याच्या बाजूची, पडद्याआडची केबिन त्यांची. तळलेली सुरमई, पापलेटचं कालवण, काटे चोखून चोखून. जेवण झालं की मी बेसन आणि लिंबू घेऊन जायचो. त्यांचे हात माझ्या हातात घेऊन चोळायचो. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा. धुवून पुसून झाले की ते बोटं माझ्या नाकाशी धरायचे. मी ‘नाही’ म्हटल्याशिवाय गाडीत बसायचे नाहीत.

कारण बडोद्यात हरणीच्या ज्या सोसायटीचे ते चेअरमन, तिथे मासे-मटण शिजवायला बंदी. बंदी त्यांनीच घातलेली. मीही त्याच सोसायटीत भाड्याने राहायचो. कामावरून आलो की जिन्याखालच्या नळावर अंग धुवायचं, मगच वर बायको-मुलींकडे.

साहेब रावपुऱ्यातल्या जुन्या कारभाऱ्यांच्या घरातले. आम्ही संस्थानच्या फौजेतले. आमच्या घरात अजून तलवारीच्या गोष्टी चालतात. साहेबांनी एकदा काटा बाजूला काढता काढता त्या संपवल्या. “तुझा पणजोबा आमच्या दाराशी उभा असायचा. जोडे सांभाळायला.” मी हसलो. तेव्हा मी सगळ्यालाच हसायचो.

आता जे सांगायचं टाळत आलो, ते.

हॉटेलात मासे साफ करायला रतनबेन होती. उंबरगावकडची कोळीण, विधवा. मला भाऊ म्हणायची. तिला सोसायटीत तळमजल्यावर खोली मीच मिळवून दिली. हॉटेलात कामाला आहे एवढं सांगितलं. काय काम, ते नाही सांगितलं.

एका रविवारी साहेबांनी मला खाली बोलावलं. मागे कमिटीचे चौघे. जिन्यात मासळीचा वास येतोय, म्हणाले. कुणाकडचा ते तू सांग, तुझ्याइतकं नाक इथे कुणाला आहे. माझा भाडेकरार त्याच महिन्यात संपत होता. मी दारोदार उभा राहून वास घेतला. पहिल्याच दाराशी कळलं होतं. तरी तीन मजले चढलो, उतरलो. परत पहिल्या दाराशी आलो आणि बोट दाखवलं.

चौघांनी लाथा घालून दार तोडलं. गॅसवर सुकटीचं कालवण उकळत होतं. एकाने पातेलं उचललं आणि तिच्यावर उलटं केलं. खांद्यापासून मनगटापर्यंत कातडी सुटली. ती लगेच ओरडली नाही. आधी माझ्याकडे बघितलं. मग ओरडली. दुसऱ्याने केस धरून तिला फाटकापर्यंत फरफटत नेलं. साहेब लांब उभे होते, नाकाला रुमाल लावून. मी त्यांच्या शेजारी.

रुमाल माझ्याही नाकाला होता.

तीन दिवसांनी बुधवार. साहेब आले. जेवले. आज कालवणाला चव नाही, म्हणाले, ती बाई मासे छान साफ करायची. अगदी सहज म्हणाले. मी बेसन चोळलं, हात धुतले. त्यांनी बोटं पुढे केली.

मी पडदा ओढला. पूर्ण उघडा. बाहेर सगळी टेबलं भरलेली.

“येतो वास, साहेब. रविवारपासून येतोय. तुमच्या हाताला, माझ्याही.”

त्यांनी काचेची वाटी माझ्या तोंडावर हाणली. भुवई फाटली. मग मीही मारलं. खोटं कशाला सांगू. मान धरून त्यांचं तोंड ताटात दाबलं, गालात काटे रुतेपर्यंत. मालकाने आणि दोघांनी मला ओढून कठड्याशी नेलं आणि बरगड्यांत लाथा घातल्या. लोकांनी जरा वेळ बघितलं. मग जेवायला लागले.

तिथून रिक्षाने पाणीगेटला गेलो. रतनबेन तिथे बहिणीकडे होती. हाताला पट्टी. माझी भुवई बघितली, पण बस म्हणाली नाही. मी माफी मागायला लागलो तशी तिने थांबवलं.

“माफी घरी ने. चौकीत विचारतात, साक्षीदार कोण? तू बोलशील?”

“बोलेन.”

“दार कुणी दाखवलं, ते पण?”

भुवईचं रक्त डोळ्यात उतरलं, ते मी पुसलं.

“ते पण.”

नोकरी गेली. खोली या महिनाअखेर जाईल. साहेबांचा निरोप आलाय: साक्ष दिलीस तर मारहाणीची केस घालू. घाला. मी मारलंय, तेही लिहून देणार आहे. बायको म्हणते, साक्ष दे, पण स्वतःचं नाव तरी गाळ. नाही गाळणार. दार तोडणारे, पातेलं उलटं करणारा, केस ओढणारा, लांबून बघणारा, या सगळ्यांच्या आधी दार दाखवणाऱ्याचं नाव येईल. चौकीत म्हणतील, तू स्वतःच यात सामील होतास.

होतो. पुढचं लिहून घ्या.