नीलमचे तीन दिवस
माझे पती एका सोमवारी गेले, त्याला आता बरीच वर्षं झाली. परवा कपाट आवरताना निळ्या कापडाची एक पट्टी हाती आली आणि ती सकाळ आठवली. त्यांना साडेसाती होती, म्हणून सासूबाईंनी दाजीबानपेठेतल्या सराफाकडून नीलम आणवला. अंगठीत बसवण्याआधी तो तीन दिवस दंडाला बांधून पाहायचा, सोसला तर ठेवायचा, नाहीतर परत करायचा, अशी रीत. शनिवारी त्या निळ्या पट्टीत बांधला. सोमवारी सकाळी त्यांच्या छातीत कळ आली, शर्ट घामानं भिजला. सासूबाई म्हणाल्या, "तुला सोसत नाही रे अप्पा, आधी काढ तो." खडा सोडला आणि थोड्या वेळानं कळ खरंच थांबली. मी शाळेत विज्ञान शिकवायची. ते हसून मला म्हणाले, "काय बाई, तुमच्या पुस्तकात आहे का हे?" मी खडा परत करायला निघाले. दुकानात लग्नसराईची गर्दी होती. त्या वर्षी साडीच्या रंगाचे खडे घालायची टूम होती, आणि दोन मुली कानाला पोपटी झुमके लावून आरशात पाहत होत्या. सराफ म्हणाले, "लवकर काढलात अक्का, बरं केलंत." मलाही हायसं वाटलं. घरी आले तेव्हा ते खुर्चीतच होते, पण हाकेला वळले नाहीत. दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होता, आणि तिकडे जायचं तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं. सासूबाई आणि मी अजून केशवापूरच्या त्याच घरात राहतो, आणि त्या सकाळबद्दल एकमेकींशी बोलत नाही.