सहाव्या-दुसऱ्याचा कागद

अमरावतीहून सरांच्या घरून काकूंचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या कॉलेजात तास घेऊन बाहेर पडत होते. “तुये सर गेले, माय,” एवढंच त्या म्हणाल्या. दीड महिना झाला, तरी काही अडलं की हात फोनकडे जातो…

सर मूळचे तिवशाकडचे, घरी शेती. आयुष्यभर गणित शिकवलं, तेही अस्सल वऱ्हाडीत. पीएच.डी.ला ते माझे गाइड होते. एकमेकांशी ऑर्थोगोनल, म्हणजे काटकोनात असणारी फंक्शन्स एकामागून एक घडवायची, हे आमचं काम. नवं फंक्शन घ्यायचं आणि आधीच्या प्रत्येकाशी त्याचं जेवढं जुळतं तेवढं त्यातून वजा करायचं. “जे दुसऱ्याचं हाय ते देऊन टाक. उरलं ते तुयं,” सर सांगत. दुकानात नवा शर्ट पाहतानाही ते घरातला एकेक शर्ट आठवत आणि “हा त्या निळ्यासारखाच हाय, कायले घ्याचा?” म्हणून रिकाम्या हाताने परत येत. काकू कपाळाला हात लावत.

त्यांच्याकडे लाल कापडी पाठीचं एक रजिस्टर होतं. त्यात प्रत्येक जोडीसाठी एक चौकोन. दोघांच्या गुणाकाराचं इंटिग्रेशन वेगळ्या कागदावर हाताने करायचं, शून्य आलं, म्हणजे काटकोन जमला, तरच टिक. प्रबंध द्यायला आठवडा उरला होता. सहावं फंक्शन पाचव्या, चौथ्या, तिसऱ्याशी जमलं, तेव्हा दुसऱ्याशी जमणारच, असं म्हणत मी न करताच टिक मारली.

“सहाव्या-दुसऱ्याचा कागद कुठी हाय?” सरांनी चष्म्यावरून विचारलं.

“हॉस्टेलवर राहिला, सर.”

“बरं.”

संध्याकाळी बसून केलं, तर शून्य येईना. चार दिवस खपून सहावं फंक्शन दुरुस्त केलं, प्रबंधाची पक्की प्रत मुकाट्याने बदलली. पदवी मिळाली, नोकरी लागली. सरांच्या हातचा चहा अठरा वर्षं प्यायले, पण ती थाप मारल्याचं कबूल करायची हिंमत काही झाली नाही. त्यांना कळलं असेल का, याची मात्र कायम धास्ती. दिवाळीत शेवटचं भेटले तेव्हा सांगायचंच ठरवून गेले होते… मेथीच्या भाजीवर बोलून परत आले. स्वतःचा इतका राग मला कधीच आला नव्हता.

तेराव्याला काकूंनी रजिस्टर हातात दिलं. “तुयंच हाय हे. ते नेहमी असंच म्हणत.”

त्या चौकोनाचं पान मी घाबरतच उघडलं. माझ्या शाईच्या टिकेशेजारी सरांच्या पेन्सिलीतली बारीक आकडेमोड होती, उत्तर शून्य नव्हतं, तारीख त्याच दिवसाची. खाली, प्रबंध दिल्यानंतरच्या तारखेने, आणखी एक ओळ: “नवं पाहिलं. आता शून्य. सांगेल ती कधीतरी.”

काकूंच्या स्वयंपाकघरात मी पोटभर रडले.

त्या संध्याकाळचा कागद मी जपून ठेवला होता, का ते तेव्हा कळत नव्हतं. अकोल्याला येऊन तो रजिस्टरात त्या चौकोनापाशी ठेवला. आता माझी एखादी विद्यार्थिनी टिक दाखवायला आली की मी आधी तिचा कागद मागते. ती “घरी राहिला” म्हणाली, तर “बरं” म्हणते, आणि ती गेल्यावर पेन्सिल घेऊन बसते.