पत्र पायजे, ताई!

सेलूला आमच्या जिल्हा परिषद सदस्य शोभाताईंचं ऑफिस आहे. दोन खोल्या, आठ खुर्च्या अन् एक रुसका प्रिंटर. तिथं पत्रं टाइप करायचं काम माझं. लोक अडलेली कामं घेऊन येतात, काम झालं की निघून जातात. किस्से मात्र आमच्याकडेच ठेवून जातात! आता फायलींपेक्षा तेच जास्त झालेत.

परवा पुरुषोत्तमराव आले. रेशन कार्डावर त्यांच्या नावापुढे चक्क 'स्त्री' छापलेलं! तहसीलच्या चकरा मारून बिचारे थकलेले. ताईंनी तिथल्या तिथं फोन लावला, मी पत्र काढलं. "पंधरा दिवसांत दुरुस्त होईल," ताई म्हणाल्या.

पुरुषोत्तमराव दारापर्यंत गेले, थांबले अन् वळले.

"ताई, तोवर एसटीत हाफ तिकीट चालंन काय मले?"

एकदा थेट गिरडहून एक बाबा आले. मी म्हटलं, "बाबा, गिरड आमच्याकडे येत नाही. तुमच्या मेंबरला भेटा ना."

"तो माहा साळा हाय."

"मग तर सोपंच!"

"काय सोपं? त्यानं काम केलं तं बायको जलमभर ऐकवन!"

ताईंनी हसत हसत पत्रावर सही केली.

रामदासभाऊंच्या वांग्याच्या वावरात विजेचा खांब वाकला होता. तारा डोक्याला लागतील इतक्या खाली. मजूर बाया आत पाय ठेवायला तयार नव्हत्या. ताईंनी वीज ऑफिसला कडक पत्र लिहिलं आणि आठवड्यात खांब हलला! आम्ही खूश.

पुढच्या सोमवारी रामदासभाऊंचा धाकटा भाऊ हजर. खांब सरकवून त्याच्या वावरात रोवला होता! दोघा भावांचं बोलणं दोन वर्षांपासून बंद.

"ताई, भाऊले देल्लं तसंच पत्र मले द्या," तो म्हणाला. "मजकूर तोच ठेवा, फक्त नाव बदलवा!"

ताईंनी पत्र दिलं नाही. दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजला. आता खांब दोघांच्या मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आहे. भाऊही बोलायला लागलेत. खांबाला शिव्या घालायला का होईना!

कमलाकाकूंचा अंगठा आधारच्या मशीनवर उमटेना. तीनदा परत पाठवलं. अपडेट नाही म्हणून रेशन अडलेलं. काकू रडकुंडीला आल्या. ताई म्हणाल्या, "चला, मीच येते. मशीनच खराब असंल."

सेंटरवर ताईंनी तपासायला म्हणून स्वतःचा अंगठा ठेवला. मशीन लाल. पुसून ठेवला, परत लाल!

ऑपरेटर चाचरत म्हणाला, "ताई... रेषाच घासल्या गेल्या आहेत तुमच्या."

ताई रोज सकाळी वावरात भेंडी तोडून मग ऑफिसला येतात, हे त्याला कुठून ठाऊक! काकूंनी ताईंचा हात हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"म्हंजे मत बरोबर बाईले देल्लं मी!"

त्या दिवशी दोघींचे डोळे स्कॅन झाले. काम फत्ते!

पण गिरजाबाईंची सर कोणाला नाही. त्या बाजारात भाजी विकतात. नवरा गेल्यापासून एकट्या. निराधार पेन्शनची फाइल सहा महिन्यांपासून एका साहेबांच्या कपाटात. ताईंनी दोन पत्रं दिली, उत्तर नाही.

त्या दिवशी गिरजाबाई पिशवी घेऊन आल्या. ताईंनी त्यांच्यासमोरच फोन स्पीकरवर लावला. पलीकडून बाबू म्हणाला, "साहेब दौऱ्यावर आहेत, ताई. आज येत नाहीत."

गिरजाबाई फोनवर वाकल्या. "काऊन खोटं बोलून राह्यला, बाबू? साहेबानं आत्ताच माह्यापासून सांबाराची जुडी अन् वांगे घेतले अन् तुमच्याच ऑफिसात शिरले. घाईघाईत पिशवी विसरले. हे पाय, माह्या हातात हाय!"

पलीकडे फोन कट!

ताई उठल्या. "चला, पिशवी पोहोचवू."

साहेब खुर्चीतच होते. ताईंना पाहून अर्धवट उभे झाले. गिरजाबाईंनी पिशवी हळूच टेबलावर ठेवली, पदर सारखा केला.

"साहेब, तुमची पिशवी माह्यापाशी राह्यली होती. देल्ली. माही फाइल तुमच्यापाशी राह्यली हाय."

साहेब कपाटाची किल्ली शोधायला लागले.