पायाळूच्या नवऱ्याची मान

बायकोचं वर्षश्राद्ध पंधरवड्यावर आलं असताना माझी मान धरली. सकाळी उठलो तर ती डावीकडे वळेना आणि खाली वाकेना. आम्हाला मुलगा नाही, मुलगी परदेशात. पुतण्या श्राद्धाला बसायला तयार होता, घरच्यांचाही तोच आग्रह होता. पण तिला पाणी मीच द्यायचं, एवढी एक गोष्ट मी वर्षभरात कुणाला न विचारता ठरवली होती. आणि जमिनीवर बसून, खाली वाकून, पिंडावर पाणी सोडायचं म्हणजे मान हवी.

ती गेल्यावर काय बोलावं हे कुणाला सुचलं नव्हतं. मानेबद्दल मात्र सगळ्यांना सुचलं. समोरच्या काकू मिठाची गरम पुरचुंडी घेऊन आल्या आणि मी नको म्हणेपर्यंत ती माझ्या कॉलरमध्ये गेली होती. शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी त्यांचा मानेचा पट्टा आणून दिला. त्याला त्यांच्या तेलाचा वास होता. पुतण्यानं माझी उशी काढून नेली, तर त्याच्या बायकोनं दुसऱ्या दिवशी त्याहून जाड उशी आणून ठेवली. केशवापुरातला माझा नेहमीचा न्हावी एका झटक्यात मान मोकळी करून द्यायला निघाला होता, मी दाढी अर्धी असताना खुर्चीतून उठलो. दुर्गदबैलाच्या बाजारात तांदूळ आणायला गेलो तर कुणी मागून हाक मारली की मला अख्खं अंग फिरवावं लागे. एका हातगाडीवाल्यानं वैतागून मागच्यांना कन्नडमध्ये सांगितलं, थांबा, महाराज वळताहेत.

शेवटी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी हाताला मुंग्या येतात का, पकड ढिली झाली आहे का, ते विचारून घेतलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग घाबरायचं कारण नाही, स्नायू आखडलेत. वाचता कुठं बसून, हेही विचारलं. पूर्वी जेवणाच्या टेबलावर वाचायचो. समोर ती भाजी निवडत असायची. हल्ली पलंगावर पडून वाचतो, पुस्तक पोटावर आणि हनुवटी छातीवर. त्यांनी डोकं किती जड असतं ते समजावून सांगितलं. ते पुढे झुकलं की मानेमागचे स्नायू तासन्‌तास त्याला धरून बसतात, असं म्हणाल्या. मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"खांदे खाली सोडा."

"सोडलेत."

"नाही सोडलेले. कानाला लावून बसलाय तुम्ही."

मी पुन्हा सोडले. त्यांनी नुसती मान हलवली. पट्टा दिवसभर लावायचा नाही, शेक घ्यायचा, हनुवटी सरळ मागे ओढून सोडायची, मान सोसेल तितकीच वळवायची, पुस्तक डोळ्यांसमोर येईल असं धरायचं आणि एका जागी फार वेळ बसायचं नाही, एवढं सांगून त्यांनी मला घरी पाठवलं. बरं वाटायला काही आठवडे लागतील म्हणाल्या. श्राद्ध पुढच्या आठवड्यात होतं.

हे सगळं बायकोच्या थोरल्या बहिणीला, नवनगरच्या अक्कांना, अजिबात पटलं नाही. त्यालाही कारण होतं. आमच्याकडे समज आहे की पायाकडून जन्मलेल्या माणसानं, म्हणजे पायाळूनं, पाय लावला की भरलेली उसण उतरते. माझी बायको पायाळू होती. रविवारी सकाळी गल्लीतली माणसं आमच्या ओसरीवर पालथी पडलेली असत. ती हातातलं काम टाकून बाहेर येई, डाव्या टाचेनं पाठीला हलकेच स्पर्श करी आणि परत आत जाई. मी कॉलेजात शिकवणारा माणूस, माझा विश्वास नव्हता, पण तक्रारही नव्हती. माझी पाठ मात्र इतक्या वर्षांत एकदाही धरली नाही. ती म्हणायची, "सगळ्या गल्लीला लाथा मारून झाल्या, घरचं एक गिऱ्हाईक तेवढं राहिलंय." आणि आता मान धरली होती.

अक्का नवनगरातून एक पायाळू गृहस्थ शोधून घेऊन आल्या. बँकेतले अधिकारी, अंगानं भरलेले, फार संकोची. त्यांनी सोफ्यावर बसून मोजे काढायला सुरुवात केली.

"अक्का, मी लाथ घेणार नाही," मी म्हणालो.

"लाथ कुठली, भावजी, नुसता पाय लावायचा. श्राद्धाला बसायचंय ना तुम्हाला?"

"बसायचंय. पण तिच्या हातून, म्हणजे पायातून, घ्यायचं राहिलं ते राहिलं. आता दुसऱ्याचा पाय नको."

त्या गृहस्थांनी एक मोजा परत चढवला. अक्कांनी दुसरा उचलून त्यांच्या हातात दिला. मग म्हणाल्या, "पहिली पाठ माझी होती. चालायला लागली नव्हती, आईनं तिला धरून माझ्या पाठीवर उभी केली होती." चहा मीच केला. गृहस्थ जाताना मला म्हणाले की त्यांचीही मान दुखते, कॉम्प्युटरमुळे. मी त्यांना हनुवटी मागे कशी ओढायची ते दाखवलं.

श्राद्धाच्या दिवसापर्यंत मान थोडी वळू लागली होती, पण वाकत नव्हती. भटजी पुन्हा पुन्हा सांगत होते, खाली बघा, पिंडाकडे बघा. पुतण्या सोवळं नेसून तयारच बसला होता आणि भटजींचं लक्ष त्याच्याकडे जाऊ लागलं. तेव्हा अक्का पुढे आल्या आणि माझ्याशेजारी बसल्या. त्यांनी भटजींना कन्नडमध्ये बजावलं की ह्यांना वाकता येणार नाही आणि माणूस बदलायचा नाही, तुम्ही मंत्र म्हणा, बघायचं काम मी करते.

मी समोरच्या भिंतीकडे बघत, अंगठ्याच्या बाजूनं पाणी सोडलं.

"पडलं का?"

"कडेला पडलं, भावजी. थोडं अलीकडे घ्या."

मी हात अलीकडे घेतला.

"आणि खांदे खाली करा."

मी केले. पाणी पुन्हा सोडलं.

"आता तिच्यावर पडलं," अक्का म्हणाल्या.