फ्रिजवरची गोळी

एचआयव्हीची गोळी मी बारा वर्षं घेते. डबी हातात पडली की दवाखान्याच्या जिन्यातच तिच्यावरचं लेबल नखानं खरवडायचं, मगच रिक्षात बसायचं, हा माझा शिरस्ता. घरी सासू आणि मी. नवरा काविळीनं गेला असं आम्ही सांगतो, आणि माझी गोळी शक्तीची आहे असं सासू समजते.

गेल्या महिन्यात तपासणीत कोलेस्टेरॉल जास्त निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एचआयव्ही आटोक्यात असला तरी बायकांना हृदयाचा धोका राहतो. त्यात तुमची पाळी गेलेली. ही गोळी आता कायमची."

मी मान हलवली. 'कायमची' ऐकून दचकायचे माझे दिवस गेले.

या गोळ्यांचं पाकीट मी न खरवडता फ्रिजवर ठेवलं आणि सासूला सांगितलं. संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. शेजारच्या दोघी आल्या. एक म्हणाली, "शेंगाचटणी लई खातीस की तू." दुसरीनं नवऱ्याचं कोलेस्टेरॉल किती ते सांगितलं आणि वाटीभर जवस दिला. बारा वर्षांत माझ्या तब्येतीची चौकशी करायला कुणी उंबरा ओलांडला नव्हता. खरं तर मला राग यायला हवा होता. मी चहा ठेवला.

आता रोज दारातून विचारतात, "गोळी घेतली का गं?" मी त्यांच्यासमोर घेते, सासू पाणी देते. मग मी आत जाते, कडी लावते आणि दुसरी गोळी कोरडीच गिळते.