आउट म्हणजे बाहेर

ग्वाल्हेरात नई सडकेवरच्या एका दुकानाच्या माडीवर मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. रिटायर झालेले, मुलं-सुना परदेशी असलेले, असे आठ-दहा जण. सगळे मराठी, पण मराठीत सुरू झालेलं वाक्य हिंदीत कधी जाऊन संपतं ते कुणाच्याच लक्षात येत नाही. बारा वर्षांत किस्से इतके साचलेत की जेवायला बसलं की मुलगा आधी विचारतो, “आज काय झालं?” त्यातले निम्मे एकाच शब्दाचे. चूक माझीच. पहिल्याच दिवशी मी फळ्यावर लिहिलं, ‘आउट म्हणजे बाहेर’, आणि निश्चिंत झाले.

*

कुमुदताईंच्या मुलीचं लग्न टोरांटोत वाढलेल्या मुलाशी ठरत होतं. मुलीचा रिझल्ट लागला. ताईंनी कुणाला न विचारता होणाऱ्या जावयाला मेसेज केला, ‘माय डॉटर पास्ड आउट इन कॉलेज यस्टरडे.’ तिकडे याचा अर्थ, काल कॉलेजात बेशुद्ध पडली.

पाच मिनिटांत त्याचा फोन. “आता कशी आहे ती?”

“मजेत. मिठाई वाटतेय.”

“पण डॉक्टर काय म्हणाले?”

“डॉक्टर कशाला? इंजिनियर झालीय ती.”

लग्न झालं. पण जावई अजूनही तिला फार वेळ उन्हात उभं राहू देत नाही.

*

शिर्केकाकांचे पणजोबा फौजेत होते, आणि काका बँकेतही त्याच चालीनं शिरतात. एकदा पासबुकाच्या मशीनवर पाटी होती, ‘आउट ऑफ ऑर्डर’. काका तडक मॅनेजरच्या केबिनमध्ये.

“मशीन किसके ऑर्डर से आउट है? कागज दिखाइए.”

मॅनेजर नवीन होता. त्यानं काकांना बसवलं, चहा मागवला आणि घाबरून कुठंतरी फोन केला. संध्याकाळी मशीन सुरू.

मी काकांना पाटीचा खरा अर्थ सांगितला. ते म्हणाले, “असेल. पण माझ्या अर्थानं काम झालं ना?”

*

याच काकांचा आणखी एक किस्सा. फॉर्म ‘फिल इन’ करा काय आणि ‘फिल आउट’ करा काय, दोन्ही एकच, असं मी शिकवत होते.

काका वही मिटून म्हणाले, “मॅडम, आत आणि बाहेर एकच, हे समजायला आमच्या गुरुजींनी चाळीस वर्षं तप केलं. तुम्ही मंगळवारी पाच वाजता सांगून टाकलंत.”

*

ते गुरुजी म्हणजे पुराणिक गुरुजी, क्लासमध्ये काकांच्या शेजारीच बसायचे. परदेशातल्या यजमानांच्या पूजा ते मोबाइलवरून सांगतात, म्हणून इंग्रजी शिकायला आले. एका वास्तुशांतीत त्यांना दिवा दाराबाहेर ठेवायला सांगायचं होतं. त्यांनी सांगितलं, “नाउ पुट आउट द लॅम्प.”

यजमानांच्या सुनेनं भक्तिभावानं वाकून फुंकर मारली.

गुरुजी दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये आले ते उतरलेल्या चेहऱ्यानं. “आउट म्हणजे बाहेर, तुम्हीच शिकवलंत.”

“हो, पण ‘पुट आउट’ म्हणजे विझवणं. तुम्ही ‘पुट इट आउटसाइड’ म्हणायला हवं होतं.”

गुरुजींनी वहीत ‘साइड’ लिहून घेतलं. “म्हणजे एका ‘साइड’पायी यजमानाचा दिवा गेला.”

*

आणि सुलभाताई. त्यांचे यजमान अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेले. क्लासच्या एका तासापुरती शेजारीण येऊन बसायची. तो संपला की या जवळजवळ पळत घरी. सराव म्हणून मी प्रत्येकाला आठवड्यातून एकदा फोन करून इंग्रजीत विचारायची, “व्हेअर आर यू?” ताईंचं उत्तर दर वेळी तेच, “आय अ‍ॅम अ‍ॅट होम, मॅडम.” शेवटी मी त्यांना तो प्रश्न विचारायचंच सोडलं.

यजमान गेले. दोन-अडीच महिने ताई क्लासला आल्या नाहीत. एका दुपारी न राहवून मी फोन केला. मागे टोपी बाजाराचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी स्कूटरवाल्याशी भांडत होतं. सवयीनं माझ्या तोंडून तोच प्रश्न निघाला.

“आय अ‍ॅम आउट, मॅडम.”

“कुठे आउट? पूर्ण वाक्य, ताई.”

त्या शब्द जुळवत असाव्यात.

“नोव्हेअर, मॅडम. ओन्ली आउट.”